इंग्लंडात हॉटेलच्या गार्डनमध्ये दारू द्यायची तर लायसन्स कसं बदलायचं

उन्हाळा तोंडावर आला की इकडे छोटी हॉटेलं, पब, गेस्टहाउस चालवणाऱ्या आपल्या लोकांचे फोन सुरू होतात. मागं एवढं गार्डन पडलंय, चार टेबलं टाकून बिअर-वाइन द्यायचीय, काय करावं लागेल? बार तर आहेच, लायसन्स पण आहे, मग बाहेर दिली तर बिघडलं कुठं, असं बऱ्याच जणांना वाटतं. बिघडू शकतं. लायसन्समध्ये बसत नसताना दारू विकली तर सहा महिन्यांपर्यंत कैद आणि कितीही दंड, म्हणजे दंडाला वरची मर्यादाच नाही. तेव्हा नीट समजून घ्या. खालचं सगळं इंग्लंड आणि वेल्सचं आहे, लायसन्सिंग ॲक्ट २००३ प्रमाणे. स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचे कायदे वेगळे, तिकडच्यांनी ह्यावर विसंबू नका.

ज्यांनी महाराष्ट्रात परमिट रूम चालवलीय त्यांना एक गोष्ट आधीच सांगतो. एफएल-३, म्हणजे परमिट रूमचं लायसन्स, म्हटलं की आपल्या डोक्यात एक्साइजचं ऑफिस, कलेक्टर कचेरी, साहेब कधी सही करतात ते सगळं येतं. इथं साहेब नाहीये. लायसन्स देतं तुमचं लोकल काउन्सिल, आणि कायदा असा आहे की २८ दिवसांत कुणाचीही ग्राह्य हरकत आली नाही तर काउन्सिलला अर्ज नाकारताच येत नाही, मागितलाय तसा मंजूर करावाच लागतो. म्हणजे तुमचा खरा निकाल काउन्सिलात लागत नाही, गार्डनच्या कुंपणापलीकडे ज्याची बेडरूम आहे त्याच्याकडे लागतो. म्हणून बहुतेक मेहनत अर्ज टाकायच्या आधी करायची असते, आणि नेमकी तीच लोक करत नाहीत, ऑनलाइन फॉर्म भरतात नि वाट बघत बसतात.

आधी कपाटातलं लायसन्स काढून वाचा

भिंतीवर लावलेला असतो तो पार्ट बी, तो नुसता सारांश. पूर्ण लायसन्स म्हणजे पार्ट ए, ते काढा. नसेल तर काउन्सिलकडून कॉपी मागा. त्यात पहिल्यांदा बघा लायसन्स कुणाच्या नावावर आहे. हसू नका, हॉटेल विकत घेतलं, चाव्या मिळाल्या, पण लायसन्स अजून जुन्या मालकाच्या नावावर असं सर्रास असतं, आणि बदलासाठी अर्ज फक्त लायसन्सधारकच करू शकतो. ट्रान्सफरची फी २३ पाउंड आणि डीपीएस, म्हणजे दारूविक्रीची जबाबदारी ज्याच्या नावावर आहे तो माणूस, तो बदलायचे आणखी २३. जुन्या मालकाची कंपनी दिवाळखोरीत गेली किंवा बंद झाली असेल तर लायसन्स आपोआप संपतं आणि ते वाचवायला फक्त २८ दिवस मिळतात, त्यामुळे हे आजच बघा.

दुसरं, प्लॅन. शेवटी जोडलेला नकाशा असतो, त्यावर लायसन्सच्या जागेची हद्द आखलेली असते, बहुतेक वेळा लाल रेघेनं. गार्डन त्या रेघेच्या आत आहे का बाहेर? बऱ्याच जुन्या हॉटेलांत २००५ साली नवा कायदा लागू होताना घाईघाईत नकाशे दिलेले आहेत, रेघ मागच्या दाराशीच संपते.

तिसरं, दारू 'ऑन', म्हणजे लायसन्सच्या जागेतच प्यायला, विकायची परवानगी आहे, 'ऑफ', म्हणजे त्या जागेबाहेर न्यायला, विकायची आहे, का दोन्ही. आणि चौथं, अटी. त्या लायसन्सला जोडलेल्या ॲनेक्स २ आणि ३ मध्ये असतात, ओळन् ओळ वाचा. 'रात्री नऊनंतर बाहेर ग्लास नेऊ देणार नाही', 'ऑफ-सेल फक्त सीलबंद बाटलीत' अशी एखादी ओळ कुठल्यातरी जुन्या मालकानं मान्य करून ठेवलेली असते आणि तुमचा सगळा बेत तिथंच अडतो.

विक्री नेमकी कुठं होते, इथं गंमत आहे

हे समजलं की अर्धं काम झालं. कायद्यात दारूची विक्री तिथं झाली असं धरतात जिथं ती त्या गिऱ्हाइकासाठी ओतली किंवा वेगळी काढली. वेटरनं ऑर्डर गार्डनमध्ये घेतली पण पाइंट आतल्या बारवर भरला, तर विक्री बारमध्ये झाली. मग गार्डन रेघेबाहेर असलं तरी तिथं पिणं म्हणजे ऑफ-सेल, आणि तुमच्याकडे ऑफ-सेलची परवानगी असेल नि आडवी येणारी अट नसेल तर कदाचित लायसन्स बदलायची गरजच नाही. असे लोक मी बघितलेत जे वकिलाला पैसे द्यायला निघाले होते आणि ज्यांना काहीच करायचं नव्हतं.

ऑफ-सेल नसेल तर बदल लागणार. गार्डनमध्येच छोटा बार काउंटर, बिअरचा नळ, लग्नासाठी बाहेर दारूचं टेबल असं काही मांडायचं असेल तर विक्रीच तिथं होणार, मग ती जागा रेघेच्या आत आणावीच लागते. आणि कोविडच्या काळात सरकारनं फक्त ऑन-सेल असलेल्यांना आपोआप ऑफ-सेलची जी सूट दिली होती ती ३१ मार्च २०२५ ला संपलीय. अजून कितीतरी जण त्याच भरवशावर बाहेर दारू देतायत.

बदल छोटा का मोठा

लायसन्समधल्या बदलाला इथं व्हेरिएशन म्हणतात. त्यात मायनर व्हेरिएशन, म्हणजे छोटा बदल, म्हणून एक स्वस्त रस्ता आहे. फी ८९ पाउंड, पेपरात जाहिरात नाही, दाराशी पांढरी नोटीस दहा कामाचे दिवस, आणि पंधरा कामाच्या दिवसांत निर्णय. पंधरा दिवसांत काउन्सिलनं काहीच कळवलं नाही तर अर्ज नामंजूर धरला जातो आणि फी परत मिळते. सगळ्यांना हाच हवा असतो, पण दारू विकायची वेळ वाढवायला तो चालत नाही, आणि पिणाऱ्यांना सामावून घ्यायची क्षमता वाढणार असेल किंवा आवाज अडवणाऱ्या सोयीला धक्का लागणार असेल तर अधिकारी सरळ नाही म्हणतो. आता साठ जणांचं गार्डन जोडलं तर क्षमता वाढणारच ना. मागच्या दारापाशी दोन बाकं सामावायला रेघ थोडी सरकवायचीय तर विचारून बघा, बाकी सगळ्यांनी फुल व्हेरिएशनची, म्हणजे मोठ्या बदलाच्या पूर्ण अर्जाची, तयारी ठेवा.

फुटपाथवर टेबलं टाकायची असतील तर ती आणखी वेगळी भानगड, तिला इंग्लंडमध्ये पेव्हमेंट लायसन्स लागतं. पहिल्यांदा जास्तीत जास्त ५०० पाउंड, रिन्यूअलला ३५० पर्यंत, मुदत दोन वर्षांपर्यंत. त्यात चौदा दिवस लोकांच्या हरकतींना, पुढचे चौदा काउन्सिलला, आणि तेवढ्यात उत्तर आलं नाही तर मंजूर धरतात, म्हणजे मायनर व्हेरिएशनच्या बरोब्बर उलटं. ते फक्त टेबल-खुर्च्यांचं लायसन्स आहे हे लक्षात ठेवा, दारूचा हक्क त्यातून येत नाही, तो तुमच्या मुख्य लायसन्समध्येच असावा लागतो. व्हीलचेअर, बाबागाडी जाईल इतकी वाट सोडावी लागते, दीड मीटर तरी धराच.

नुसतं एखाद्या वीकेंडला करून बघायचंय, तर काउन्सिलला टेम्पररी इव्हेंट नोटीस, म्हणजे तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस, द्या. २१ पाउंड, स्टाफ धरून ४९९ माणसांपर्यंत, एका वेळी १६८ तास, एका जागेला वर्षात १५ वेळा आणि एकूण २१ दिवस. कार्यक्रमाच्या आधी पूर्ण दहा कामाचे दिवस हातात ठेवून द्यायची. माझं वैयक्तिक मत विचाराल तर फुल व्हेरिएशनच्या आधी अशा एक-दोन नोटिसा देऊन गार्डन चालवून बघावंच, आवाज कुठं जातो, लोक कुठल्या कोपऱ्यात सिगारेट ओढत उभे राहतात, ते कळतं, आणि पुढं सुनावणी झालीच तर 'आम्ही केलंय, तक्रार आली नाही' हे सांगता येतं.

अर्जाच्या आधीची पायपीट

काउन्सिलच्या एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ खात्यात आवाजाचं बघणारा अधिकारी असतो, त्याला ईमेल करून गार्डन दाखवायला बोलवा. पोलिसांचा लायसन्सिंग ऑफिसर वेगळा असतो, त्यालाही कळवा. बरीच काउन्सिलं अर्जाआधीचा सल्ला फी घेऊन देतात, घ्या, पैसे वाया जात नाहीत. आपल्याकडं ऑफिसात ओळख काढायला जातात तसं ह्याकडे बघू नका, इथं सरळ विचारायचं असतं, मी अमुक करणारय, तुम्हाला काय खटकेल. जे खटकेल ते अर्जातच अट म्हणून लिहून टाकायचं.

मग शेजारी. प्रत्येक दार वाजवा, एक पान छापून न्या, किती टेबलं, किती वाजेपर्यंत, गाणी असणार का नाही, मॅनेजरचा मोबाइल नंबर. पहिला प्रश्न हमखास येणार, 'म्हणजे आता रोज रात्री बारापर्यंत धिंगाणा का?' तुम्ही म्हणालात की नाही आजी, गार्डन साडेनऊला बंद, तर निम्मा राग तिथंच उतरतो. हेच त्यांना कुंपणावर लावलेल्या अर्जाच्या निळ्या नोटिशीतून पहिल्यांदा कळलं तर तीच आजी गल्लीतली तीस पत्रं गोळा करते. हरकत घ्यायला जवळच राहायला हवं असंही आता नाही, कुणीही घेऊ शकतो, फक्त ती कायद्यातल्या चार उद्दिष्टांना धरून पाहिजे: गुन्हेगारी आणि दंगामस्ती रोखणं, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणं, मुलांचं संरक्षण. 'आमच्या घराची किंमत पडेल' किंवा 'पार्किंग मिळत नाही' हे त्यात बसत नाही. गार्डनच्या बाबतीत नव्वद टक्के भांडण उपद्रवाचं, म्हणजे आवाजाचं.

उघड्यावरच्या पिणाऱ्यांचा आवाज किती महागात पडतो ह्याचं लायसन्सवाल्यांमधलं प्रसिद्ध उदाहरण लंडनच्या सोहोतलं आहे. बर्विक स्ट्रीटवरच्या एका पबची गिऱ्हाइकं बाहेरच्या चौकात ग्लास घेऊन उभी राहायची, रहिवाशांनी तक्रार केली, वेस्टमिन्स्टर काउन्सिलनं संध्याकाळी सहानंतर उघडा ग्लास बाहेर नेण्यावर बंदी घातली. पबवाले लढत लढत कोर्ट ऑफ अपीलपर्यंत गेले आणि २०११ साली तिथंही हरले. होप अँड ग्लोरी नावानं तो निकाल आजही सुनावण्यांत निघतो. बारला खरी कमाई सहानंतरच असते हे वेगळं सांगायला नको.

बाहेरची वेळ आतल्या वेळेपासून तोडा

हॉटेलवाल्यांसाठी हा मुद्दा सगळ्यात मोठा आहे आणि पबच्या कागदांवरून कॉपी मारणाऱ्यांच्या तो लक्षातच येत नाही. बऱ्याच हॉटेल लायसन्समध्ये राहणाऱ्या पाहुण्यांना चोवीस तास दारू देता येते. गार्डन नुसतं रेघेत घेतलं आणि वेगळी वेळ लिहिली नाही तर कागदावर अर्थ असा होतो की रूम नंबर सातवाला पहाटे दोनला गार्डनमध्ये बसून व्हिस्की पिऊ शकतो. तुमच्या मनात तसं काही नसेल पण पोलीस आणि शेजारी कागद वाचतात. तेव्हा प्लॅनवर बाहेरची जागा वेगळ्या रंगानं दाखवा आणि तिच्यासाठी स्वतंत्र वेळ लिहा, राहणाऱ्या पाहुण्यांनाही ती लागू असं स्पष्ट लिहा.

किती वाजेपर्यंत मागावं? मागंपुढं घरं असतील तर नऊ-साडेनऊ, गावाबाहेर शेतात असाल तर दहा-अकरा. अकरा मागून नऊवर यायचं, भाजीच्या घासाघिशीसारखं, असा डाव काही जण टाकतात, मला तो पटत नाही कारण अकराचा आकडा नोटिशीवर वाचूनच लोक पत्रं लिहायला बसतात.

बाकी अटी साध्या ठेवा पण पाळता येतील अशाच: बाहेर स्पीकर नाही, बसूनच सर्व्हिस, बाहेर काचेऐवजी पॉलिकार्बोनेटचे ग्लास, ठरावीक वेळानं स्टाफची फेरी आणि तिची नोंद, गार्डनवर सीसीटीव्ही आणि रेकॉर्डिंग ३१ दिवस, वय विचारायला चॅलेंज २५. महाराष्ट्रात कडक दारूला २५ वर्षं पुरी लागतात, इथं कायदेशीर वय १८ च आहे, २५ हा फक्त दिसण्याचा आकडा, तेवढ्याखालचा वाटला तर ओळखपत्र मागायचं. एकदा अट लिहिली की ती मोडणं हा गुन्हा, त्यामुळे दर पंधरा मिनिटांनी फेरी वगैरे शूरपणा फॉर्मवर करू नका, शनिवारी रात्री तुमच्याकडे दोनच पोरं असतात.

लग्नं करणाऱ्यांसाठी थोडं. दारूच्या लायसन्समध्ये असलेल्या जागेत सकाळी आठ ते रात्री अकरा, पाचशे प्रेक्षकांपर्यंत, लाइव्ह किंवा रेकॉर्डेड गाण्यांना सहसा वेगळी परवानगी लागत नाही. म्हणून गार्डनमध्ये संगीत, वरातीला ढोल-ताशा सगळं चालेल असं समजू नका, आवाजाच्या उपद्रवाचा कायदा वेगळा आहे, काउन्सिल त्याखाली नोटीस काढू शकतं, आणि ढोल तीन गल्ल्यांपलीकडं ऐकू जातो.

प्लॅन, फॉर्म, फी

प्लॅन साधारण १:१०० च्या स्केलवर हवा, दुसरं स्केल वापरायचं तर आधी काउन्सिलला विचारून घ्या. हद्द, येण्याजाण्याच्या वाटा, आणीबाणीच्या वाटा, पायऱ्या, टॉयलेट, आग विझवायची साधनं, दारू कुठं विकणार ते सगळं दाखवायचं. हातानं काढला तरी कायद्यानं अडत नाही पण एखाद्या ड्राफ्ट्समनला पैसे देऊन काढून घ्या.

फी हॉटेलच्या रेटेबल व्हॅल्यूवर, म्हणजे धंद्याच्या जागेच्या करासाठी धरलेल्या किमतीवर, ठरते, ती व्हॅल्युएशन ऑफिसच्या साइटवर पोस्टकोड टाकून मिळते. ४,३०० पाउंडांपर्यंत फी १००, ३३,००० पर्यंत १९०, ८७,००० पर्यंत ३१५, १,२५,००० पर्यंत ४५०, त्यावर ६३५. अर्ज ऑनलाइन केलात तर पोलीस, फायर, ट्रेडिंग स्टँडर्ड्स, प्लॅनिंग वगैरे सगळ्यांना कॉपी काउन्सिलच पाठवतं, कागदावर केलात तर ते तुम्हालाच करावं लागतं, एक जरी राहिला तरी अर्ज अडकतो. ऑनलाइनच करा.

अर्ज दिला की दुसऱ्या दिवसापासून २८ दिवस निळी नोटीस. फिकट निळा कागद, ए-फोर किंवा मोठा, काळी अक्षरं, १६ किंवा मोठा फाँट, रस्त्यावरून सहज वाचता येईल अशी. जागा पन्नास चौरस मीटरहून मोठी असेल तर रस्त्याला लागून असलेल्या हद्दीवर दर पन्नास मीटरला एक. गार्डन मागच्या गल्लीला लागून असेल तर तिकडंही लावा, पुढच्या दारावर एक लावून मोकळे होऊ नका. रोज फोटो काढा, पावसात भिजली, कुणी फाडली तर लगेच दुसरी. शिवाय दहा कामाच्या दिवसांत लोकल पेपरात एकदा जाहिरात, आणि छोट्या हॉटेलला ही जाहिरात बऱ्याचदा फीपेक्षा महाग पडते, आधी भाव विचारा. नोटीस किंवा जाहिरात चुकली तर काउन्सिल २८ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावू शकतं आणि तोवर जुलै उलटलेला असतो. मेमध्ये गार्डन उघडायचं तर जानेवारीत सुरुवात करा.

ह्याच काळात प्लॅनिंग परमिशनचं बघून घ्या. लायसन्स मिळालं म्हणजे डेक, पर्गोला, मोठी छत्री टाकायची परवानगी मिळाली असं नसतं, आणि प्लॅनिंगच्या अटीत गार्डनची वेळ आठ लिहिलेली असेल नि लायसन्समध्ये दहा, तर आठच पाळावी लागते. इमारत लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून जपलेली, असेल तर आणखी एक परवानगी. लीजवर असाल तर जागेच्या मालकाची लेखी संमती. सिगारेटसाठी छप्पर टाकणार असाल तर भिंतींची निम्मी बाजू तरी उघडी हवी, नाहीतर ती बंदिस्त जागा धरून तिथं धूम्रपान बंद.

हरकत आली तर

घाबरू नका. पोलिसांची किंवा एन्व्हायर्न्मेंटल हेल्थची असेल तर ते बहुधा एखादी अट सुचवतात, मान्य असेल तर लेखी कळवा, ते हरकत मागं घेतात. शेजाऱ्यांची पत्रं काउन्सिल तुम्हाला पाठवतं. त्यांना परत भेटा, ह्यावेळी ऐकायला जा. सगळ्यांनी मागं घेतलं तर सुनावणी होत नाही.

झालीच तर २८ दिवस संपल्यापासून वीस कामाच्या दिवसांत, बहुतेक तीन नगरसेवकांच्या सबकमिटीपुढं. वकील लागतोच असं नाही, पण पोलीस विरोधात असतील किंवा तुमचा भाग क्युम्युलेटिव्ह इम्पॅक्टच्या, म्हणजे आधीच दारूची ठिकाणं फार झालेल्या भागांच्या, यादीत असेल, जसा लंडनचा वेस्ट एंड, तर वकील कराच, तिथं त्रास वाढणार नाही हे पटवायचा भार तुमच्यावर असतो. काउन्सिलचं लायसन्सिंग पॉलिसीचं पुस्तक वाचून जा, नगरसेवक त्यावरूनच विचारतात. बोलताना धंद्याचं नुकसान, कर्ज, मेहनत हे सांगत बसू नका, त्यांना फक्त ती चार उद्दिष्टं बघायचीयत. टेबलांचा नकाशा, फेऱ्यांची वही, टेम्पररी नोटिशीच्या दिवसांचा अनुभव, हे बोला. निर्णय त्याच दिवशी किंवा पाच कामाच्या दिवसांत. पटला नाही तर २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील, आणि अपील तुमच्यासारखं शेजाऱ्यालाही करता येतं.

मिळाल्यावर

नवीन पार्ट ए आणि बी येईल, प्लॅनसकट तपासा, टायपिंगच्या चुका असतात. भिंतीवरचा जुना पार्ट बी काढून नवा लावा. नव्या अटींचं एक पान स्टाफला समजावून प्रत्येकाची सही घ्या. गार्डनच्या दाराशी बंद व्हायची वेळ लिहा आणि त्याच्या वीस मिनिटं आधी शेवटची ऑर्डर, कारण साडेनऊ म्हणजे साडेनऊला बाहेर कुणी पिताना दिसायला नको. शेजारी कधीही, कुठल्याही दिवशी, लायसन्सच्या रिव्ह्यूची, म्हणजे फेरतपासणीची, मागणी करू शकतो, त्यामुळे तक्रारींची वही पहिल्या दिवसापासून ठेवा, कुणाचा फोन आला, किती वाजता, तुम्ही काय केलंत. आणि शेजाऱ्यांना दिलेला तो मोबाइल नंबर शनिवारी रात्री उचलणाऱ्या माणसाच्याच खिशात ठेवा, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नको.